गोदीत उभं राहिलेलं मैदान

शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५

मँचेस्टरहून निघालेली गाडी तासाभरात लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनात उतरवते. दोन शहरांना जोडणारी जगातली पहिली प्रवासी रेल्वे १८३० साली याच दोन गावांमध्ये धावली. ही माहिती मी भाच्याला मोठ्या हौसेनं सांगितली, पण त्याचं तोंड उतरलेलंच. पोरगा मँचेस्टरला नोकरी करतो आणि लिव्हरपूल एफसी या फुटबॉल संघाचा कट्टर लाल आहे. सख्ख्या मामाला त्याच गावातल्या दुसऱ्या संघाच्या, एव्हर्टनच्या, नव्या स्टेडियमवर न्यायची वेळ आपल्यावर यावी, याचं दुःख तो गाडीत बसल्यापासून बोलून दाखवत होता. तिकिटं मात्र त्यानंच काढलेली, तीही हॉस्पिटॅलिटीची, जेवणासकट. साधी तिकिटं सीझन तिकीटवाल्यांच्या पलीकडं फारशी पोचलीच नव्हती. किंमत त्यानं सांगितली नाही आणि मी दोनदा विचारून गप्प बसलो.

कोल्हापूरचा माणूस एव्हर्टनचा कसा, हे मला गावातही विचारतात आणि इथंही विचारलं. १९८६ चा मेक्सिकोतला वर्ल्ड कप दूरदर्शननं दाखवला तेव्हा मी शाळेत होतो. शिवाजी पेठेत निम्मी गल्ली ब्राझीलची, उरलेली मॅराडोनाची. मला सहा गोल मारून गोल्डन बूट नेणारा गॅरी लिनेकर आवडला. क्लब कुठला, तर एव्हर्टन. लिनेकर त्याच उन्हाळ्यात बार्सिलोनाला गेला, मी तिथंच राहिलो. १९८७ ला लीग जिंकली, १९९५ ला एफए कप, आणि त्यानंतर आजवर एकही मोठा चषक नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजीची मॅच बघत वाढलेल्या माणसाला संघ बदलायचं सुचत नाही, एवढंच याचं स्पष्टीकरण.

बॅगा हॉटेलात टाकल्या आणि पिअर हेडपासून उत्तरेकडं चालत निघालो. नदी डावीकडं ठेवायची आणि रीजंट रोडनं सरळ जायचं. रस्त्याच्या एका अंगाला गोद्यांची ग्रॅनाइटची भिंत लागते आणि संपतच नाही. जेसी हार्टली नावाचा अभियंता एकोणिसाव्या शतकात छत्तीस वर्षं या बंदराचा कारभारी होता, त्यानं ती बांधली. लहानमोठे, वेडेवाकडे दगड एकमेकांत असे बसवलेत की फटीत चाकूचं पातं जाऊ नये. मालाची चोरी होऊ नये म्हणून ही भिंत, म्हणजे आतलं बाहेर जाऊ नये आणि बाहेरच्यानं आत डोकावू नये यासाठीच घातलेली. वाटेत स्टॅन्ली डॉकवर तंबाखूचं जुनं गोदाम दिसतं, १९०१ चं. दोन कोटी सत्तर लाख विटांची इमारत! मान मागं टाकून भाचा म्हणाला, “मामा, इथं फ्लॅट झालेत आता.”

मर्सी नदीत भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो. उघड्या धक्क्याला लावलेलं जहाज ओहोटीला चिखलात बसायचं. म्हणून इथं दारं लावलेल्या बंदिस्त गोद्या केल्या; भरतीला दार उघडायचं, जहाज आत घ्यायचं, दार लावून पाणी अडवायचं. १८४८ मध्ये हार्टलीनं एका फटक्यात पाच गोद्या उघडल्या, त्यांतली एक ब्रॅमली-मूर, जिच्यात आता हे स्टेडियम उभं आहे. ज्याचं नाव तिला दिलं तो जॉन ब्रॅमली-मूर गोदी समितीचा अध्यक्ष होता, रिओ द जानेरोत व्यापार करून पैसा केलेला. एव्हर्टनच्या मैदानाखाली ब्राझीलचा पैसा! पेठेतल्या ब्राझीलवाल्यांना हे सांगितलं तर ते तिकिटात सवलत मागतील.

संध्याकाळी साडेसातला उन्ह अजून होतं. भिंतीच्या वरून स्टेडियमचं चकचकीत धातूचं छप्पर दिसायला लागलं. खालचा भाग विटांचा, गोदामांना शोभेल असा, आणि त्यावर हे वाकलेलं, बोटीसारखं पोलाद. डॅन माइस नावाच्या अमेरिकी वास्तुविशारदाची मूळ कल्पना. चित्रांत मला ते फार गोंडस वाटायचं, प्रत्यक्षात आकार अंगावर येतो. शेजारी उत्तरेला सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र आहे, हे मात्र कुठल्याच चित्रात दाखवत नाहीत. वारा आमच्या बाजूचा होता.

स्टेडियम उभं करायला गोदीतलं पाणी हटवून समुद्रतळातून उपसलेली सुमारे पाच लाख घनमीटर वाळू आत भरली. युनेस्कोला ते खपलं नाही. लिव्हरपूलचं बंदर २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत होतं. किनाऱ्यावरच्या नव्या बांधकामांमुळं, आणि त्यात या स्टेडियमचं नाव घेऊन, जुलै २०२१ मध्ये ते यादीतून काढलं. यादीतून बाहेर पडलेली ही जगातली तिसरीच जागा.

हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात पन्हाळा घोळतोय. मी निघायच्या महिनाभर आधी, ११ जुलैला, मराठ्यांचे बारा किल्ले त्याच यादीत गेले, त्यात आमचा पन्हाळा. गावात आनंद झाला. पण पन्हाळ्यावर आजही माणसं राहतात, हॉटेलं चालवतात, शाळेत जातात. उद्या घराची भिंत पडली तर बांधू देतील का, ही त्यांची धास्ती मी स्वतः झुणका-भाकरीच्या टपरीवर ऐकली आहे. एका गावाला यादीत गेल्याची काळजी आणि दुसऱ्याला बाहेर पडल्याची. तर मग इथं काय गेलं आणि काय मिळालं, ते डोळ्यांनी बघायचं, असं ठरवून आलो होतो.

शनिवार, २३ ऑगस्ट

आधी जुनं घर. मर्सीरेलनं कर्कडेलला उतरून चालत गुडिसन पार्कला गेलो. १८९२ पासून १८ मे २०२५ पर्यंत एव्हर्टनचा पुरुष संघ इथं खेळला. पाडणार म्हणून वर्षानुवर्षं ऐकत होतो. शेवटी महिला संघाला दिलं आणि मैदान वाचलं. हा निर्णय मला नव्या स्टेडियमइतकाच मोठा वाटतो. इंग्लंडमध्ये जुन्या मैदानांवर बहुतेक वेळा घरं उठतात.

गुडिसन एकदम समोर येतं. दोन्ही बाजूंना विटांच्या बैठ्या घरांच्या रांगा, दारापुढं कचऱ्याचे डबे, आणि रस्ता संपतो तिथं निळी भिंत. एका कोपऱ्यात तर सेंट ल्यूक चर्च स्टँडला जवळजवळ चिकटून आहे. ज्या क्लबाचा जन्मच १८७८ मध्ये सेंट डोमिंगो चर्चच्या पोरांच्या संघातून झाला, त्याच्या मैदानाला चर्च चिकटलेलं असणं तसं बरोबरच. मॅचच्या दिवशी चर्चच्या सभागृहात चहा मिळायचा आणि वरच्या खोलीत जुन्या कार्यक्रमपत्रिका विकायला असायच्या. आज कुलूप होतं. ग्लॅडिस स्ट्रीटवर एक आजोबा कुत्रं फिरवत होते. आम्हाला फोटो काढताना बघून थांबले आणि म्हणाले की आता दर दुसऱ्या शनिवारी गाडी दारात लावता येते, आणि ते त्यांना अजिबात आवडत नाही.

१९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलचे साखळीतले तिन्ही सामने इथं झाले. बल्गेरियाविरुद्ध पेलेनं एक मारला, गारिंचानं एक. ते दोघं ब्राझीलसाठी एकत्र खेळलेला तो शेवटचा सामना. पुढं हंगेरी आणि पोर्तुगालनं ब्राझीलला घरी पाठवलं. मग याच मैदानावर उत्तर कोरियानं पोर्तुगालवर तीन गोल चढवले, युसेबियोनं एकट्यानं चार फेडले, पोर्तुगाल ५-३. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. भाच्यानं त्याचाही फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर “मामा मारुतीच्या देवळात” असं लिहून टाकला.

तिथून स्टॅन्ली पार्क ओलांडलं की दहा-पंधरा मिनिटांत अ‍ॅनफील्ड. लिव्हरपूलचं हे मैदान त्याचा देव, म्हणून गेलो. पण इतिहास मी सांगितला. अ‍ॅनफील्डवर पहिली आठ वर्षं एव्हर्टन खेळायचं, १८८४ पासून. जागेचा कारभार जॉन हाउल्डिंगच्या हातात, तो दारूचा कारखानदार. भाड्यावरून आणि एकूण कारभारावरून भांडण झालं, सभासद उठले आणि बागेपलीकडं जाऊन गुडिसन बांधलं. रिकामं मैदान घेऊन बसलेल्या हाउल्डिंगनं मग नवा संघ काढला, तो लिव्हरपूल एफसी.

“म्हणजे आम्ही सोडलेल्या घरात तुम्ही भाडेकरू,” मी म्हणालो.

“भाडेकरूनं बंगला बांधला मामा, मालक अजून चषकाची वाट बघतोय.”

याला उत्तर नव्हतं. आइस्क्रीम खाल्लं.

रविवार, २४ ऑगस्ट

ब्रायटनविरुद्ध सामना दुपारी दोनला. आम्ही साडेदहालाच रीजंट रोडवर. पबसमोर माणसांनी अख्खा रस्ता भरलेला, निळे टी-शर्ट, लहान पोरं खांद्यावर. २४ ऑगस्ट हीच गुडिसनच्या उद्घाटनाची तारीख, १८९२ ची. एकशे तेहतीस वर्षांनी त्याच तारखेला नव्या घरात पहिला लीग सामना.

हार्टलीच्या भिंतीत नवी दारं काढलीत आणि तिथून आत जाताना मला परवापासून हवं असलेलं उत्तर थोडंसं मिळालं. ही भिंत दीडशे वर्षांहून जास्त काळ गावाला नदीपासून तोडून उभी होती. आत काम करणारे गोदी कामगार सोडले तर इथं कुणाचं पाऊल पडत नव्हतं, आणि अखेरच्या काळात गोदी जवळजवळ निकामी पडलेली. आज एका बापानं पोराला उचलून भिंतीच्या जाडीवर हात फिरवायला लावला. वारसा यादीत असताना तो पोरगा आत येऊ शकत नव्हता.

आतल्या चौकात जुने रूळ फरसबंदीत तसेच ठेवलेत. १८८३ चं हायड्रॉलिक इंजिन घर, ज्याच्या पाण्याच्या दाबावर गोदीची यंत्रं चालायची, ते दुरुस्त करून उभं आहे. पश्चिमेला स्टेडियम आणि नदी यांच्यामध्ये पाण्याचा एक पट्टा राखलाय, म्हणजे गोदी पुरती पुसली नाही. विटांच्या भिंतीवर तिरप्या जाळीची नक्षी आहे, ती गुडिसनच्या आर्चिबाल्ड लीचनं बांधलेल्या स्टँडवरून उचललेली. इथंही मी हात लावला. भाचा काही बोलला नाही, गर्दीत लाल माणूस एकटाच होता.

जमिनीत समर्थकांची नावं कोरलेले दगड बसवलेत. लोक गुडघ्यावर बसून आपला दगड शोधत होते. बरीचशी नावं गेलेल्या माणसांची. एका बाईनं आईचं नाव सापडल्यावर तिथंच फोन काढून भावाला व्हिडिओ कॉल केला, आणि मोठमोठ्यानं भांडायला लागली की दगड कडेला का घेतलास, मध्ये का नाही.

आत गेल्यावर जेवण. त्याबद्दल एवढंच की मटण रस्सा नव्हता. थाळीकडं मी दहा मिनिटं दिली आणि पायऱ्यांवर जाऊन उभा राहिलो.

बावन्न हजार सातशे एकोणसत्तर खुर्च्या. आकडा वाचणं वेगळं. डाव्या हाताला दक्षिण स्टँड, एकच सलग उतार, तेरा हजार माणसं मावणारी निळी भिंत. उतार जवळपास पस्तीस अंश, इंग्लंडच्या नियमांत याहून उभा चालतच नाही. कागदावर हे वास्तुविशारदाचं कौतुक वाटतं. मला आठवलं ते खासबाग. शाहू महाराजांनी १९१२ ला पूर्ण करून घेतलेलं कुस्तीचं ते मैदान बशीसारखं उतरतं आहे, मध्ये हौद, आणि कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. जमिनीवर बसून, पाय मोकळे सोडून लोक कुस्ती बघतात. ब्रॅमली-मूरला काम तेच केलंय, फक्त पोलादात आणि काही शे पट खर्चात. पहिली रांग गोलरेषेच्या इतकी जवळ की कॉर्नर घेणाऱ्याला प्रेक्षकांचा श्वास ऐकू यावा.

पावणेदोनला सगळे उठले. सायरन वाजला, मग १९६० च्या दशकातल्या पोलीस मालिकेची ती बासरी-ढोलाची धून, जिच्यावर गुडिसनमध्ये संघ साठ वर्षं मैदानात यायचा. माझी सगळी भीती या क्षणाची होती. टीव्हीवर ती धून ऐकताना वाटायचं की गुडिसनच्या लाकडी फळ्यांशिवाय ती वाजूच शकणार नाही. छप्पर खाली ओढलेलं आहे, आवाज वर जातच नाही, परत डोक्यावर येतो. शेजारचे सत्तरीतले गृहस्थ डोळे पुसत होते. माझ्याकडं बघून म्हणाले की गुडिसनला त्यांच्या खुर्चीपुढं खांब होता, आयुष्यभर अर्धा गोल बघितला.

सामना. ब्रायटननं सुरुवात चांगली केली, हे भाचा दर दोन मिनिटांनी सांगत होता. तेविसाव्या मिनिटाला आमच्या जॅक ग्रीलिशनं डावीकडून चेंडू गोलसमोरून खाली सरकवला आणि पलीकडच्या खांबाशी इलिमान एन्दियायनं आत ढकलला. सोपा गोल. पण गुडिसनवरचे शेवटचे दोन्ही गोलही याच सेनेगलच्या पोरानं साउदम्प्टनविरुद्ध मारलेले. तिथला शेवटचा आणि इथला पहिला, एकाच माणसाचे. कुणी ठरवून लिहिलं असतं तर आम्हीच म्हटलं असतं, अती करतोय.

मला नंतरचं नीट आठवत नाही. अनोळखी माणसांनी मिठ्या मारल्या, एकाची बिअर माझ्या पाठीवर गेली. कोल्हापूरच्या सवयीनं मी शिट्टी मारली, दोन बोटांची. पुढच्या रांगेतल्या पोरानं वळून बघितलं आणि शिकवा म्हणाला. मध्यंतरात शिकवणी झाली. थुंकी जास्त उडाली, शिट्टी नाही आली.

मध्यंतरानंतर ग्रीलिशनं मागं दिलेल्या चेंडूवर जेम्स गार्नरनं बाहेरूनच सणसणीत फटका मारला, दोन-शून्य. मग ब्रायटनला पेनल्टी मिळाली. डॅनी वेलबेक चेंडूमागं आणि जॉर्डन पिकफर्ड गोलमध्ये, जागेवर उड्या मारत, काहीतरी पुटपुटत. दक्षिण स्टँड उभा राहून ओरडत होता. पिकफर्डनं अडवला. गोलांपेक्षा मोठा आवाज त्या क्षणी झाला आणि तेव्हा या घराची वास्तुशांत झाली असं मी समजतो. आमचे प्रशिक्षक डेव्हिड मॉइज बाजूला हात खिशात घालून उभे होते, जणू वीज गेली आणि आली.

तक्रारी आहेत. स्टेडियमला एका वकिली कंपनीचं नाव दिलंय, हिल डिकिन्सन. पैशाचा व्यवहार समजतो, पण बाहेर मी ज्यांच्याशी बोललो ते सगळे ब्रॅमली-मूरच म्हणत होते आणि म्हणत राहतील. आतले रस्ते, काउंटर, पडदे कुठल्याही नव्या विमानतळावर शोभतील असे. पायऱ्या चढून वर येईपर्यंत आपण एव्हर्टनला आलोय हे कळायला काही नाही. आणि बावन्न हजार माणसं एकदम सुटली की स्टेशनची वाट कुठल्या कुठं जाते. आम्ही रांग बघितली आणि सरळ गावाकडं चालायला लागलो. विटांची घरं, चर्च, दारातली बाई, असलं काही या वाटेवर नाही. अजून गोदामं, गॅरेजं, रिकामे प्लॉट. २०२८ ला इथं युरो कपचे सामने होणार आहेत, तोवर पब तरी वाढतील. मात्र परतणारी गर्दी नदीकाठानं गाणी म्हणत जात होती आणि सॅल्सबरी डॉकच्या सहा तोंडांच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली पोरं फोटो काढत होती. तो मनोराही १८४८ चा. माझ्यापुरता हिशोब तिथंच झाला. युनेस्कोची पाटी गेली याचं वाईट वाटतं, पण कुलूपबंद गोदीपेक्षा मला ही गोंगाटाची गोदी हवी. पन्हाळ्यावरच्या माणसांना मी जाऊन हे सांगणार आहे. ते पटवून घेतील असं नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट

आज इथं बँक हॉलिडे. बुधवारी गणपती, म्हणून रात्रीचं विमान. दिवस मोकळा होता. जेम्स स्ट्रीटहून गाडी नदीखालच्या बोगद्यातून पलीकडं बर्कनहेडला नेते. हा बोगदा १८८६ चा. एव्हर्टनचा जुना गोलवीर डिक्सी डीन इथला. १९२७-२८ च्या एका हंगामात लीगमध्ये साठ गोल, तो विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही. १९८० मध्ये गुडिसनवर लिव्हरपूलविरुद्धची मॅच बघताना त्याचा हृदयविकारानं मृत्यू झाला. भाचा म्हणाला, लिव्हरपूलनं जिंकलेली मॅच होती ती. माहीत होतं मला.

मी बर्कनहेडला आलो ते दुसऱ्याच कारणासाठी. फोर्ट स्टिकीन हे जहाज २४ फेब्रुवारी १९४४ ला इथून निघालं. दारूगोळा, सोन्याच्या लगडी, आणि कराचीत वर चढवलेला कापूस घेऊन मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आलं आणि १४ एप्रिलला आग लागून फुटलं. आमचे आजोबा तेव्हा मुंबईत गिरणीत होते. माझगाव-डोंगरीवर आकाश काळं झालं होतं एवढंच सांगायचे आणि पुढं बोलायचे नाहीत. दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन दल आपल्या गेलेल्या जवानांना मानवंदना देतं. लिव्हरपूलच्या गोद्यांत फिरताना मुंबई डोक्यातून जात नाही, कारण हे दोन काठ दीडशे वर्षं एकमेकांना माल पाठवत होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा मुंबईनं इथं कापूस पाठवून पैसा केला आणि युद्ध संपताच १८६५ ला शेअर बाजारासकट आपटली.

दुपारी बसनं सीकोमला जाऊन काठानं न्यू ब्रायटनकडं चाललो. पाण्यापलीकडं स्टेडियम पूर्ण दिसतं, जवळून जे कळत नाही ते इथून कळतं: छपराची रेघ गोदामांच्या रांगेत बसते, वर उडी मारत नाही. भाच्यानं कबूल केलं की दिसायला बरं आहे. मग लगेच म्हणाला, “आत चषक ठेवायला कपाट केलंय का?”

रात्री मँचेस्टर विमानतळ. लिव्हरपूलची न्यूकॅसलला मॅच होती आणि मला सोडून भाचा घरी टीव्हीपुढं जाऊन बसला. गेटवर त्याचे मेसेज. न्यूकॅसलचा अँथनी गॉर्डन लाल कार्ड खाऊन बाहेर; तो आमच्याच अकादमीतला, म्हणून मला टोमणा. लिव्हरपूल दोन-शून्य. मग दोन-एक. मग दोन-दोन, आणि बराच वेळ शांतता. विमानात बसायला रांग लागली तेव्हा शंभराव्या मिनिटाचा गोल आला: “मामा!! न्गुमोहा!! सोळा वर्षांचा पोरगा!! लीगच्या पहिल्याच मॅचला शेवटच्या मिनिटाला!!”

बॅग पायाशी ठेवून मी उत्तर टाइप केलं. “सोळाव्या वर्षी शेवटच्या मिनिटाला जिंकून देणं आमच्याकडं २००२ ला झालंय. गुडिसनवर, आर्सेनलविरुद्ध. रूनी नाव होतं. गणपतीला फोन कर.”